मंगळावर गाव वसवायचं म्हणजे

माझ्या मुलानं शिरूरच्या स्टेशनरीच्या दुकानातून मंगळ विकत आणला. थर्माकोलचा होता, विटकरी रंग मारलेला. त्यावर प्लास्टिकच्या वाट्या उपड्या घालून केलेले चार घुमट आणि आत लुकलुकणारे दिवे. नातीच्या इंग्रजी शाळेनं ‘परग्रहावर वसाहत तयार करा’ असा प्रकल्प दिला होता. वसाहत नातीनं करायची होती. पण रांजणगावच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेला बाप आणि उद्याच्या डब्याची भाजी निवडणारी आई, त्या दोघांनी ती तयारच आणून दिली. नातीचं काम एवढंच, की खाली आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवायची.

नात बराच वेळ त्या घुमटांकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, “आज्जी, ह्या माणसांनी सकाळी जायचं कुठं?”

“शी! काहीतरीच विचारते,” सून म्हणाली.

मला मात्र तो प्रश्न रात्रभर चावत राहिला. चौतीस वर्षं मास्तरकी केली, पण इतका नेमका प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारला नव्हता. खरं बोलायचं तर, मी कुणाला विचारू दिला नव्हता.

माझी नोकरी दौंड तालुक्यात झाली, खुटबावच्या शेजारच्या एका गावात. तेव्हाची मी आज रस्त्यात भेटले तर मी रस्ता बदलीन. कडक खळ घातलेली साडी, डोक्याला ताण बसेल इतका घट्ट अंबाडा, हातात लाकडी पट्टी आणि तोंडावर असा भाव, की इतिहास मीच घडवून ठेवलाय आणि पोरांनी तो आता विस्कटू नये. आमचं घर मेंढपाळाचं. त्या घरातली मी पहिली शिकलेली, त्यामुळे शहाणपणा जरा जास्तच अंगात आला होता. एकदा पाचवीला ‘भटके जीवन ते स्थिर जीवन’ हा धडा घेत होते. “भटकणाऱ्या माणसाला शेतीचे ज्ञान नव्हते. तो नुसता हिंडत असे. लिहा,” असं मी ठासून सांगितलं. नेमका त्याच दिवशी आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कळप शाळेमागच्या रानात उतरला होता आणि आबा माझ्यासाठी तांब्याभर दूध घेऊन खिडकीखाली उभे होते.

तास संपल्यावर मी बाहेर आले, तर म्हणाले, “मास्तरीणबाई, आमी नुसतं हिंडतो व्हय?”

“आबा, पुस्तकात आहे ते शिकवावं लागतं.”

“आसंल, आसंल. पर ह्यो बागायतदार तीन येळा आला हुता बलवायला, रानात मेंढरं बसवा म्हून. त्याला ग्यान लई, मंग आमच्या लेंड्या कशाला लागत्यात?”

आमच्याकडे कापणी झालेल्या रानात रात्रभर मेंढरं बसवतात. लेंड्या आणि मूत मातीत मुरतं, पुढचं पीक जोमदार येतं आणि शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. मला हे सगळं पाळण्यातच कळलेलं. पण मी काय उत्तर दिलं असेल? “हळू बोला, वर्ग चालू आहे.” वर्ग सुटून पोरं केव्हाच पळाली होती.

असली मी. तर ह्या बाईला, निवृत्त होऊन आठ-नऊ वर्षं झाल्यावर, पुन्हा एक वर्ग मिळाला.

आमची वस्ती कवठे येमाईच्या बाजूला, ओढ्याच्या वरच्या अंगाला. खालून जाणारा कॅनॉल आम्हाला दिसतो, मिळत नाही. वस्तीवरच्या शाळेतल्या सहावी-सातवीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी येईना. तेव्हा मुख्याध्यापक आमच्या ओट्यावर आले. माझ्या मुलापेक्षाही वयानं लहान, चेहऱ्यावर कायम परीक्षेला बसल्यासारखा घाम.

“बाई, दुपारचे दोन तास घ्याल का? विज्ञान आणि इतिहास. मानधन काही देता येणार नाही.”

“चहा?”

“चहा देऊ की.”

“साखर दोन चमचे. घरी सून देत नाही.”

सर हसले, पण लगेच गंभीर झाले. “बाई, एकच विनंती. सहामाहीच्या आधी विस्तार अधिकारी साहेब तपासणीला येणार आहेत. ते विचारतील त्याची उत्तरं पोरांना आली पाहिजेत. नाही आली, तर राग मानू नका, मी वर्ग परत घेईन.”

मी गरीब गाईसारखी मान हलवली. तो वर्ग मला किती हवा होता ते सरांना कळू दिलं नाही. हजारभर पोरांना मी धडे पाठ करायला लावले होते. एकदा, नुसतं एकदा, नीट शिकवून बघायचं होतं. आणि ह्या वयात दुसरा वर्ग कोण देणार?

सहावी-सातवी मिळून सत्तावीस पोरं. पहिल्याच दिवशी मी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, “आपल्याला मंगळावर गाव वसवायचंय. आधी काय करायचं?”

पहिल्या बाकावर सोसायटीच्या चेअरमनची नात होती. आवाज असा, की शाळेला घंटेची गरज नाही. ती ताडकन उठली. “बाई, आधी कमान!”

“कमान कशाला?”

“गाव कुठनं सुरू झालं ते कळाया नको? आन् वर फ्लेक्स. ‘सहर्ष स्वागत’.”

मग एकेक सुरू झालं. कमानीनंतर समाजमंदिर. त्यानंतर बैलगाडा शर्यतीचा घाट. मग दूध डेअरी, क्रिकेटचं ग्राउंड, मोबाईलचा टॉवर आणि टॉवरखाली बसायला कट्टा. मी सगळं मुकाट्यानं फळ्यावर लिहीत गेले. हवा कुणी मागितली नाही. पाणीही नाही.

“छान. आता हे बांधायचं कुणी ठरवायचं?”

हा खोडसाळ प्रश्न मी जाणूनबुजून टाकला, निवडणूक कशी लढवायची ते आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही. दहा मिनिटांत वर्गात दोन पॅनेल उभी राहिली. चेअरमनच्या नातीचं मंगळ विकास पॅनेल, निशाणी कपबशी. समोर सातवीतल्या पोरांचं, निशाणी शिट्टी. दुसऱ्या दिवशी प्रचार. मधल्या सुट्टीत कुणीतरी लेमनच्या गोळ्या वाटल्याचीही बातमी आली. तिसऱ्या दिवशी मतमोजणी चालू असताना मी पितळी घंटा वाजवली.

“हवा संपली. तीन दिवस झाले. सगळे मेलात. पडा खाली.”

“बाई, फक्त दोन मतं मोजायची राहिल्यात!”

“मेलेल्या माणसाला मत नसतं. पड.”

सत्तावीस पोरं फरशीवर आडवी झाली. काही जीभ बाहेर काढून, काही शेजाऱ्याच्या पोटावर डोकं ठेवून. तेवढ्यात दारात सर.

“बाई, हे काय?”

“मेलेत.”

“कशानं?”

“निवडणुकीनं.”

सरांनी घाम पुसला. “साहेब येणार आहेत, बाई.”

“तोवर जिवंत करते.”

त्या दिवसापासून खरा वर्ग सुरू झाला. हवा कुठून आणायची? मंगळावर हवा आहे, पण विरळ, आणि जी आहे ती बहुतेक सगळी कार्बन डायऑक्साइड. मग बर्फ आहे म्हणतात, त्यातून पाणी. आणि पाण्यातून? मी टॉर्चचे सेल, दोन्हीकडून टोक केलेल्या दोन पेन्सिली आणि सोडा घातलेलं पाणी आणलं. पेन्सिलींच्या शिशाला बुडबुडे यायला लागले तशी पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली. “बाई, ह्यो ऑक्सिजन हाय?” “एका पेन्सिलीला ऑक्सिजन, दुसरीला हायड्रोजन. कुठल्या बाजूला जास्त बुडबुडे, मोजा.” मोजले. पुस्तकातल्या सूत्रात दोन हायड्रोजन का, ते त्यांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही. बैलगाड्याच्या घाटाचा हट्ट सुटत नव्हता, म्हणून गुरुत्वाकर्षण तिथंच शिकवलं. मंगळावर वजन इथल्या एक तृतीयांशाहून थोडंसं जास्त. तिथं घाटात धावता धावता बैल उडाला तर कुठं उतरेल ह्यावर दोन दिवस भांडण झालं, आणि भांडणासाठी पोरांनी घरी जाऊन गणितं केली. माझ्या आधीच्या चौतीस वर्षांत कुणी माझ्यासाठी घरी जाऊन गणित केलेलं मला आठवत नाही.

वर्गात एक मुलगी गप्प बसायची. आमच्यासारखंच मेंढरांचं घर. दिवाळीनंतर तिचा बाप कळप घेऊन कोकणाकडं उतरतो, ती आजीजवळ राहते. मंगळावर पहिल्या खेपेला कोण कोण जाणार ह्याची यादी चालली होती. चेअरमनची नात म्हणाली, “समदी एकदमच जाऊ. कुणाला मागं ठेवायचं न्हाई.”

तेव्हा ती मुलगी बसल्या जागेवरूनच बोलली. “समदी एकदम जात नस्त्यात. म्होरं एकटा जातो. पाणी बघतो, रान बघतो, लांडग्याची वाट कुठली ते बघतो. त्यो निरोप धाडतो. मंग घोडं जातं सामान घिऊन. मंग मेंढरं. म्हातारी माणसं आन् कोकरं सगळ्यात मागनं.”

मी हातातला खडू खाली ठेवला. हे पुस्तकात नव्हतं, आणि मला पाठ होतं.

“आन् जायचं कवा?” मी तिच्याच बोलीत विचारलं.

“वाट खुली आसंल तवाच. पाऊस लागला की घाट बंद.”

पृथ्वी आणि मंगळ सव्वीस महिन्यांतून एकदा असे येतात, की यान पाठवायला वाट सोयीची होते, हे मी त्या दिवशी शिकवलं. ग्रहांच्या कक्षा फळ्यावर काढल्या. एरवी ज्या धड्याला पोरं पेंगतात तो त्यांना कळायला पाच मिनिटं लागली, कारण वाट बंद असणं आणि वाट खुली होणं त्यांना ठाऊक होतं.

मग इतिहास आपोआप दारात येऊन उभा राहिला. गाव वसतं कसं? जुन्या काळी लोक घरांच्या जागेला पांढरी म्हणत आणि शेतीच्या रानाला काळी. ओसाड पडलेलं गाव पुन्हा वसवायचं तर राजा कौल द्यायचा. या, जमीन कसा, पहिली काही वर्षं सारा नाही किंवा अगदी थोडा, पुढं दरसाल वाढवत नेऊ. ह्या वाढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. नोकरीत असताना मी हे ‘टिपा लिहा’ म्हणून घ्यायचे आणि शब्द चुकला की पट्टी. आता पोरांनी मंगळाचा कौलनामा लिहिला. ‘जो कोणी येईल त्याला पहिली चार मंगळवर्षे हवेचा कर नाही.’ एक वर्ष तिथं जवळजवळ आपल्या दोन वर्षांइतकं, हे लक्षात आल्यावर ‘चार’ खोडून ‘दोन’ केलं. सरकार कंजूष निघालं.

बलुतेदारांवरून मात्र जुंपली. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, कोण लागेल आणि कोण नाही? आणि मग एकानं विचारलं, “बाई, बाप न्हावी आसला तर पोरानं तिथंबी न्हावीच व्हायचं का?” मला बोलायची गरजच पडली नाही. अर्ध्या तासात ठराव झाला, दोन्ही पॅनेलनी मिळून केलेला तो पहिला ठराव, की तिथं काम ज्याला येतं त्याचं, आणि प्रत्येकाला तीन कामं आलीच पाहिजेत. संडास धुवायची पाळी सगळ्यांवर. चेअरमनवरसुद्धा. चेअरमनच्या नातीनं हात वर करायला जरा वेळ लावला, पण केला.

इथवर माझी स्वारी घोड्यावर होती. मग मातीचं काम काढलं आणि घोडं अडलं.

मंगळाच्या मातीत जीव नाही, आणि वर विषारी क्षार आहेत. एका पोराचा मामा दौंडकडे. तो म्हणाला, “मामाचं उसाचं रान आसंच पांढरं पडलंय. पाणी पाजून पाजून मीठ वर आलं.” मी खूश. खडीच्या क्रशरवरून दगडाची भुकटी आणली, चुलीवर भाजली, त्यात घरचं मीठ कालवलं. हा आमचा मंगळ. तीन कुंड्या. पहिलीत खारी भुकटी तशीच. दुसरीत पाण्यानं पाच वेळा धुतलेली. तिसरीत धुतलेली, अधिक कुटलेलं जुनं लेंडीखत. तिन्हीत मेथी.

धुण्याचं काम पोरांवर सोपवून मी चहा प्यायला गेले. दोन चमचे साखरेचा.

आमच्याकडं पाणी टाकून द्यायची रीत नाही. भांड्याचं धुणं झाडाला, भाजी धुतलेलं पाणी झाडाला, हात धुतलेलं पाणीही वाकून झाडाच्या बुडाशी. पोरांना हे शिकवावं लागत नाही, अंगातच असतं. तर त्यांनी मीठ धुतलेलं बादल्या-बादल्या पाणी, एक थेंब वाया न घालवता, सरांच्या चार गुलाबांना घातलं. सरांनी ते गुलाब पुण्याहून आणलेले, रोज सकाळी त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय ते ऑफिस उघडत नसत.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. आठव्या दिवशी तीन गुलाबांचे नुसते काटे राहिले.

सर रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्या टेबलाशी येऊन हळू म्हणाले, “बाई, साहेब पंधरा दिवसांनी येतायत. पुस्तकातले सहा धडे राहिलेत. मी सोमवारपासून वर्ग घेऊ का?”

खरं म्हणजे त्यांचं बरोबर होतं. पाणी कुठं टाकायचं हे मी सांगितलंच नव्हतं. सत्तरीला टेकलेली, ह्याच पाण्यात वाढलेली बाई, मला नको सुचायला?

“साहेब येऊन जाऊ द्या,” मी म्हटलं. “पोरं अडली तर त्याच दिवशी मी घरी जाते. सोमवारी नको.”

सरांनी करपलेल्या गुलाबाकडे पाहिलं आणि मान हलवली.

वर्गात गेले, तर सगळी पोरं मान खाली घालून. जुनी मी असते तर पट्टी शोधली असती. मी विचारलं, “मंगळावर एक थेंब टाकून चालणार नाही. झाडाला घालून चालणार नाही. मग खाऱ्या पाण्याचं करायचं काय?”

दोन दिवस कुणाला सुचेना. पोरं आपापल्या बाटलीतलं गोडं पाणी उरलेल्या एका गुलाबाला घालत राहिली, मुळाशी अडकलेलं मीठ खाली जावं म्हणून. तिसऱ्या दिवशी ती मेंढरांच्या घरातली मुलगी म्हणाली, “बाई, भाताच्या पातेल्यावरल्या झाकणाला पाणी लागतं, ते खारं नस्तं. भातात मीठ आसलं तरीबी.”

बस्स! परात आणली. त्यात नव्यानं मीठ कालवून केलेलं खारं पाणी, मधे रिकामी वाटी, वरून प्लास्टिकचा कागद ताणून बांधलेला, कागदावर मधोमध खडा. उन्हात ठेवली. दुपारपर्यंत कागदाच्या आतून थेंब खाली घरंगळत वाटीत पडायला लागले. सगळ्यांनी बोट बुडवून चाखलं. गोडं! बाष्पीभवन, संघनन, दोन्ही धडे तिथंच उरकले.

कुंड्यांनी मात्र दगा दिला असं वाटलं. पहिलीत काही उगवलं नाही, ते ठीक. पण दुसरी आणि तिसरी सारखीच उगवली. “बाई, खताबिगर आलं की!” पोरांचे चेहरे पडले. मी म्हटलं, थांबा. आठवडाभरात खताशिवायची मेथी दोन पानांवर येऊन पिवळी पडली, आणि खतवाली हिरवीगार वर निघाली.

“असं का?”

चेअरमनची नात बराच वेळ कुंडीपाशी उकिडवी बसली होती. “बाई, बी येताना आपला डबा घिऊन येतं. डबा हाय तवर मजा. मंग मातीनं वाढाया लागतं.” आणि मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. “म्हंजी कौलावानीच की! राजा पयल्या वर्सांत सारा घेत न्हाई, कारण तवा मानसं डब्यावरच जगत आस्त्यात!”

मी तिचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. विज्ञानाचा आणि इतिहासाचा तास मी आयुष्यभर घंटेनं वेगळा केला होता.

आणि साहेब आले. अंगानं भक्कम, गॉगल शर्टाच्या खिशात. सर त्यांच्या मागं, घाम कपाळावर.

साहेबांनी पहिला प्रश्न टाकला, “मृदेचे घटक सांगा.”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ‘मृदा’ हा शब्द मी दोन महिन्यांत एकदाही उच्चारला नव्हता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाठीमागं हात बांधून उभी, आणि तो हात आपोआप पट्टी शोधत होता. ओठ हलवून उत्तर पुरवावं असंही वाटलं, तेही मला झकास यायचं. मी भिंतीकडे तोंड केलं. पोरांचं पोरांनी बघावं.

“साहेब,” चेअरमनच्या नातीचा आवाज, “मृदा म्हंजी मातीच ना? कुठली सांगू? हितली का मंगळावरली?”

साहेब थबकले. “दोन्ही सांग.”

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. कुंड्या आल्या, परात आली, कौलनामा आला. साहेब खारी कुंडी बघून खाली वाकले. “हे मीठ माझ्याही रानात आहे,” ते म्हणाले. “दौंडला, कॅनॉलच्या कडेला. धुतलेलं पाणी कुठं सोडलं?”

सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. सरही.

मेंढरांच्या घरातली मुलगी उभी राहिली. “सरांच्या गुलाबावर. तीन मेले. हितं पानी टाकायची सवय न्हाई, म्हून झालं. मंग परात केली.” आणि तिनं वाफ, कागद, थेंब, सगळं न अडखळता सांगितलं. “तुमच्या रानाला परात पुरायची न्हाई साहेब. तुमाला चर खणाया लागतील. आन् पानी कमी पाजाया लागंल.”

“हे माझ्या भावाला सांगायला ये,” साहेब म्हणाले आणि चक्क मांडी घालून फरशीवर बसले. “बरं, मला नेणार का मंगळावर?”

दोन्ही पॅनेल एकत्र आली, डोकी जुळली. “तुमाला काय काय काम येतं?”

“तपासणी येते.”

“आनखी?”

साहेब विचारात पडले. “शेरे लिहिता येतात.”

पुन्हा डोकी जुळली. चेअरमनच्या नातीनं निकाल दिला. “तपासनीवाला शेवटच्या खेपंला. आधी तपासाया कायतरी झालं पायजे.”

सरांनी घाईघाईनं रुमाल काढला. साहेब मात्र गदगदा हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, “तीन कामं लागतात ना? सायकलचं पंक्चर काढता येतं मला. आणि पोहता येतं.”

“पंक्चर चालंल. पोहायला तिथं कुठं पानी?”

“मग तिसरं शिकून येतो. शेवटची खेप सुटायच्या आत.”

जाताना त्यांनी शेरेबुक मागितलं. काय लिहिलं ते मी पाठ केलंय. मला पाठांतराची जुनी सवय, कधीतरी चांगल्या कामाला आली. ‘मुले पुस्तकातील उत्तर देत नाहीत. पुस्तक कशासाठी आहे ते त्यांना माहीत आहे. हा वर्ग केंद्रातील इतर शाळांना दाखवावा.’

मी जिंकले. हे लिहायला मला काडीचीही लाज वाटत नाही. ह्या वयात नम्रपणा दाखवायला वेळ कुणाला आहे?

साहेबांची गाडी फुफाटा उडवत गेली तशी मुख्याध्यापक ऑफिसात गेले आणि सहावी-सातवीचा हजेरीपट घेऊन आले. इतके दिवस तो त्यांच्या कपाटात होता, कारण मी पाहुणी होते.

“बाई, हा आता तुमच्याकडेच ठेवा. मॅडम रजेवरून आल्या, तरी दुपारचे तास तुम्ही दोघी मिळून घ्या.”

शाळा सुटायची घंटा झाली होती, पोरांनी दप्तरं पाठीला लावली होती. मी हजेरीपट उघडला आणि पहिलं नाव पुकारलं. कुणाला पत्ता नव्हता ही हजेरी कसली. तरी सत्तावीसच्या सत्तावीस दप्तरासकट उभी राहिली आणि एकेकानं, छपराचे पत्रे थरथरतील अशा आवाजात, ‘हजर बाई’ म्हटलं.